शाळेत न जाणाऱ्या मुलांचा एक आठवडा (मुंबई)

अनघा_मुलुंड

दुसऱ्या एका धाग्यावर ओघात लिहून गेले की आमची मुलं शाळेत जात नाहीत, आणि माझी विपू (विचारपूस, म्हणजे निरोपांचं पान) भरून गेली. "मग दिवसभर करतात काय?" हा प्रश्न सगळ्यांत जास्त. दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून गेला आठवडा जसा गेला तसा लिहून काढते. निवडून काढलेला गोडगोड आठवडा नाही हा. सोमवारी थोरली सर्दीने बेजार होती आणि गुरुवारचं तर विचारूच नका.

घरचा तपशील आधी. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. थोरली चौथीपर्यंत शाळेत होती, धाकटा बालवाडीनंतर गेलाच नाही. नवरा बँकेत, मी घरून भाषांतराची कामं करते, आणि सासरे (मुलांचे आबा) आमच्याकडेच असतात. आबा मूळचे देवगडकडचे. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागेल.

सोमवार: नाश्ता आटोपला की जेवणाच्या टेबलावर दीड-दोन तास पुस्तकी अभ्यास. बालभारतीची पुस्तकं वापरतो. संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात, छापील घेतली तरी स्वस्त. दीड तासात काय होणार, असं लोकांना वाटतं. पण यात हजेरी नाही, फळ्यावरचं उतरवून घेणं नाही, एकाला कळेपर्यंत बाकीच्यांनी ताटकळणं नाही. थोरलीचे अपूर्णांक चालू आहेत, धाकटा जोडाक्षरांशी भांडतोय. दुपारी वाफारा, गवती चहा, आणि थोरलीने पांघरुणात बसून अख्खी कादंबरी संपवली. वहीत मी ते 'मराठी' म्हणून नोंदवलं. हो, नोंदवही ठेवते. कोणी विचारलं तर दाखवायला कागद असावा.

मंगळवार: राणीची बाग (बुधवारी बंद असते). पेंग्विनांकडे आमची मुलं आता ढुंकूनही बघत नाहीत. थोरलीने झाडांचा नकाशा करायला घेतलाय. गोरखचिंचेच्या बुंध्याला सुतळी गुंडाळून घेर मोजला, घरी येऊन पायने (π) भागला आणि व्यास काढला. तिथल्या एका माळीदादांनी तिला उर्वशीचं झाड दाखवलं. नवी पालवी मळकट गुलाबी, फांदीला झुबक्यांनी लोंबकळत होती, जीव गेल्यासारखी. धाकटा म्हणाला, "हे झाड मेलंय." माळीदादा हसले. म्हणाले, कोवळी पानं अशीच लुळी असतात हिची, वाढली की हिरवी होऊन ताठ होतात. ते झाड मी त्याआधी कितीदा ओलांडून गेले असेन, पण मला काही हे सांगता आलं नसतं. येताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती बघितला. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं तोच हा, हे कळल्यावर धाकट्याने त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

बुधवार: सकाळी पुस्तकं, दुपारी पेटीचा क्लास. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना शाळेचा दाखला लागत नाही, त्यामुळे तिथे आम्ही चारचौघांसारखेच. संध्याकाळी थोरली तासभर स्टेशनजवळच्या मिक्सर-गीझर दुरुस्तीच्या दुकानात बसते. आधी काका नको म्हणत होते, "पोरीच्या जातीला कशाला हे." आता तिला स्क्रू ठेवायची वाटी धरायला देतात. या आठवड्यात कार्बन ब्रश बघून आली. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ते दोन काळे तुकडे झिजले की मिक्सर ठिणग्या टाकत टाकत बंद पडतो. घरी येऊन तिने आमच्या मिक्सरचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "ब्रश नाही, बेअरिंग गेलंय."

गुरुवार: मला काम पोचवायचं होतं. मुलं भांडली, टीव्ही बघितला, परत भांडली. नोंदवहीचं पान कोरं.

शुक्रवार: मुंबई-ठाण्यातली आमच्यासारखी काही कुटुंबं धारावी-माहीमच्या सीमेवरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात भेटतो. एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकत, आता दाट झाडी आहे. सहा वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र असतात. "मुलं एकलकोंडी नाही का होणार?" हा प्रश्न येणार हे ठाऊक आहे. आमची खरी अडचण उलटी आहे. आमच्या मुलांकडे वेळच वेळ, आणि बिल्डिंगमधली मुलं शाळा, मग ट्यूशन, मग अबॅकस करून दमूनभागून साडेसातला खाली येतात. खेळायला माणूस मिळत नाही.

शनिवार: यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आमचं शिक्षण म्हणजे काय ते यात आलं.

शनिवारच्या आधीच आबांनी थोरलीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेतली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. ती कुरकुरली, आता हे कोण वापरतं म्हणून. आबांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि म्हणाले, शनिवारी तिथी कुठली? तृतीया. मग तीन पाऊण किती? सव्वादोन. "मग सव्वादोनला भरती. आणि तिच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे आठ-सव्वाआठ. बघ जाऊन." कोकणात समुद्रकाठच्या माणसाला भरती अशीच काढता येते, तिथीची पाऊणपट.

मग तिने छापील भरती-ओहोटीचा तक्ता शोधला. थोडा फरक निघाला. तो का, म्हणून ती वही घेऊन बसली ती रात्री जेवायलाच उठली. पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे अमावास्येला भरती सव्वाअकराला, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एक पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एरवी रोज पाऊण तास पुढे सरकणारी भरती एका दिवसात दीड तास कशी उडी मारेल? मग तिचं तिलाच दिसलं: पंधरा तिथींत भरती घड्याळाचा पूर्ण फेरा, बारा तास, सरकायला हवी. 720 मिनिटांना 15 ने भागलं की 48 येतात. पाऊणकी धरते 45. रोजची तीन-तीन मिनिटं साठून पंधरवड्याला पाऊण तास होतो, आणि तो सगळा त्या एका उडीत भरून निघतो. आबांना आयुष्यभर पाऊणकी येत होती, पण ही तीन मिनिटं त्यांच्याही ध्यानात आली नव्हती. ते दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होते.

शनिवारी पहाटे निघालो. दादरला मध्यवरून पश्चिमवर. (दादरचे फलाट आता सलग नंबराचे आहेत, पश्चिमचे 1 ते 7 आणि मध्यचे 8 ते 14. धाकट्याने ते मोठ्याने म्हणत पूल ओलांडला.) बांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर आठला पोचलो तेव्हा पाणी बरंच आत गेलं होतं. दोन कोळणी लोखंडी आकडीने खडकावरची कालवं फोडून डब्यात टाकत होत्या. डबक्यात समुद्रफुलं होती, बोट जवळ नेलं की मिटणारी, आणि दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारे खेकडे. धाकटा एकाच खेकड्यासमोर उकिडवा बसून राहिला. खेकडा पाय बाहेर काढायचा, याची सावली हलली की आत ओढून घ्यायचा. सावली न हलवता किती वेळ बसता येतं याचा त्याने स्वतःच खेळ केला. घरी हा मुलगा पाच मिनिटं स्वस्थ बसत नाही.

रविवारी सुट्टी. म्हणजे मला.

तर घरात शिकणं होतं ते थोडंच. माझा बहुतेक वेळ जातो तो मुलांना एखाद्या जाणत्या माणसापाशी नेऊन सोडण्यात आणि मग गप्प बसण्यात. हा वेळ फुकट नाही. माझी निम्मी कामं मी सोडली आहेत, आमच्या 'फी'चा सगळ्यांत मोठा आकडा तोच.

विचारा काय विचारायचं ते.

---

निशिगंध

मस्त लिहिलंय! 48 मिनिटांचा भाग दोनदा वाचला, मग कॅलेंडर घेऊन पडताळून बघितला. 😀

---

खडूस_काका

लेख वाचनीय. आता थोडं कडू. एक पगार पुरतो, आजोबा घरात, आई शिकलेली आणि घरी. हे जमणारी घरं मुंबईत किती? ज्या धारावीशेजारच्या उद्यानात तुम्ही जमता, तिथल्या आईने हा लेख वाचून काय करावं?

दुसरं, शिक्षण हक्क कायद्याने शाळा सक्तीची आहे ना? मग हे कायद्यात बसतं का?

---

अनघा_मुलुंड

काका, पहिल्या मुद्द्यावर वाद घालणार नाही. सगळ्यांनी हे करावं असं माझं म्हणणं नाहीच.

कायद्याबद्दल. 2009 चा कायदा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, वय 6 ते 14. त्यात मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा लिहिलेली नाही. घरी शिकवण्याला परवानगी देणारं स्पष्ट कलमही नाही. दिल्ली उच्च न्यायालयात यावर याचिका झाली होती, तेव्हा 2012 मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रतिज्ञापत्रात म्हटलं की जे पालक स्वखुशीने घरी शिकवतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही. आम्ही त्याच्या आधारावर आहोत. पक्का रस्ता म्हणता येणार नाही, हे मान्य.

---

पेठेतला_पाहुणा

एवढा गहजब कशाला? रमाबाई रानडे कुठे शाळेत शिकल्या? न्यायमूर्तींनी घरीच शिकवलं. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवायला सुरुवात केली तीही घरीच.

---

शिक्षिका_परळ

@पेठेतला_पाहुणा, अर्धीच गोष्ट सांगू नका. त्यांना घरी शिकावं लागलं कारण बाईने शाळेत जायची सोय आणि रीत नव्हती. ज्या माधवराव रानड्यांनी बायकोला घरी शिकवलं, त्यांनीच मंडळी जमवून 1884 साली पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं, आजची हुजूरपागा. आणि रमाबाईंनी पुढे सेवासदन उभारलं ते बायकांना घराबाहेर येऊन शिकता यावं म्हणूनच.

अनघाताई, लेख आवडला, पोरं भाग्यवान आहेत. पण मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणून एक बाजू मांडते. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आम्हीच घरोघर फिरतो. दार उघडल्यावर "ती घरीच शिकते" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, आणि आत बघावं तर ती पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन भांडी घासत असते. दोन्ही घरांचं उत्तर शब्दशः एकच. आम्ही ओळखायचं कसं?

शिवाय शाळेत घराबाहेरचं एक माणूस मुलाला रोज बघत असतं. कोण खिचडीवर तुटून पडतंय म्हणजे रात्री जेवलं नाही, कोणाच्या दंडावर वळ आहे, कोणाला फळ्यावरचं दिसत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला चष्मा लागलाय हे घरी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, मी पुढच्या बाकावर बसवून पाहिलं तेव्हा कळलं. तुमच्या घरात हे होणार नाही. पण नियम तुमच्यासारख्या घरांसाठी करायचे नसतात.

---

अनघा_मुलुंड

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. वर्षातून एकदा पालिकेच्या शिक्षकांनी घरी येऊन मुलांशी तासभर बोलावं, वह्या बघाव्यात, अशी तरतूद झाली तर मी आनंदाने चहा ठेवीन. आमच्यातल्या काही जणांना ही कल्पना अजिबात पसंत नाही, सरकार घरात कशाला म्हणून. मला तुमचं म्हणणं पटतं.

---

शिक्षिका_परळ

चहा ठीक, पण पटावरचीच मुलं सांभाळून, जनगणना-निवडणुकीची कामं उरकून, त्यात ही भर कोणावर पडणार ते मला चांगलं माहीत आहे 🙂

---

रेवस_मांडवा

आबांना दंडवत सांगा. आमच्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मरगळलेल्या भरतीला भांग. भांगाच्या दिवशी खडकावर जाऊ नका, पाणी फारसं उतरतच नाही, हात हलवत परत याल. तृतीया-चतुर्थीपर्यंत ठीक. मुंबईत उधाणाला ओहोटी सकाळी सहा-सातच्या सुमाराला येते, पहाटे उठणाऱ्याचं काम. खडकावर सपाट तळाची चप्पल नको, शेवाळावरून सरळ आडवे व्हाल. आणि दगड उलटा केलात तर परत होता तसा ठेवायला मुलांना सांगा, खालची बाजू उन्हात राहिली की तिथलं सगळं मरतं.

---

दोन_पोरांचा_बाबा

आम्ही विचार करतोय, पण दहावीचं काय करायचं? आणि आयआयटी वगैरे? ती मुंबईची मुलगी घरी शिकून अमेरिकेतल्या एमआयटीला गेली ना?

---

कुर्ला_कारशेड

त्या मुलीचं उदाहरण सगळेच देतात, पूर्ण सांगत नाहीत. 2016 ची गोष्ट. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची पदकं होती म्हणून एमआयटीने घेतलं. बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचं दार मात्र बंदच होतं. तिच्या भरवशावर आपल्या पोराची आखणी करू नका, दहावी-बारावीचा कागद हातात असू द्या.

माझा मुलगा एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावी झाला. दहावीला किमान वय 14. पाच विषय पुरतात, मराठी माध्यमही मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे एकेक दोन-दोन विषय सुटे करून देता येतात. आम्ही गणित-विज्ञान एका खेपेला आणि भाषा पुढच्या खेपेला दिल्या. त्यामुळे घरात दहावीचं ते नेहमीचं सुतकी वातावरण झालंच नाही. गृहपाठ लिहून द्यावे लागतात, त्यांचे गुण धरतात, ते शेवटच्या दिवसावर ढकलू नका. विज्ञानाचं प्रात्यक्षिक नेमून दिलेल्या केंद्रावर. आमचं केंद्र फार उत्साही नव्हतं, उपकरणं मागितल्याशिवाय कपाटातून निघत नसत.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं. त्यात अभ्यासक्रम शाळेतलाच, त्यामुळे अकरावीला कॉलेजवाले कमी प्रश्न विचारतात. वेळापत्रकाची मोकळीक मात्र एनआयओएससारखी नाही. केंब्रिजची परीक्षाही खाजगीरीत्या देता येते, पण फीचा आकडा ऐकूनच आम्ही मागे फिरलो.

---

खडूस_काका

हे उपयोगी. सुट्या विषयांची सोय शाळेतल्या मुलांनाही द्यायला काय हरकत आहे, कळत नाही.

---

निशिगंध

अनघा, लोकलच्या पासचं काय करतेस? विद्यार्थी सवलत मिळते का?

---

अनघा_मुलुंड

नाही मिळत. सवलतीच्या पासाला शाळेचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं, ते आणणार कुठून? थोरली बारा वर्षांची होईपर्यंत अर्ध्या तिकिटात बसतेय, त्यानंतर पूर्ण. मी खिडकीवर एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. मागची रांग माझ्यावर ओरडायला लागली तेव्हा गुपचूप पूर्ण पैसे देऊन बाजूला झाले. शिष्यवृत्तीच्या परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट, शालेय क्रीडा स्पर्धा, या सगळ्यांचे अर्ज शाळेमार्फतच जातात. थोरलीचं चित्र चांगलं आहे, तिला याचं वाईट वाटतं, आणि मी "त्यात काय एवढं" म्हणत नाही.

---

दोन_पोरांचा_बाबा

@कुर्ला_कारशेड, शाळा सोडल्याचा दाखलाच नसेल तर एनआयओएसला प्रवेश कसा घेतलात? आमचा धाकटा कधीच शाळेत गेलेला नाही. आणि जातीच्या दाखल्यालाही तोच मागतात असं ऐकलं.

---

कुर्ला_कारशेड

दहावीच्या प्रवेशाला आधीच्या शाळेचा कागद नसला तरी चालतं. या पातळीचा अभ्यास झालाय असं आपलं आपण लिहून द्यायचं आणि जन्मतारखेचा पुरावा जोडायचा.

जातीच्या दाखल्याचं ऐकलंत ते खरं आहे, मुलाचा आणि वडिलांचा शाळेचा दाखला तिथे सर्रास मागतात. वडिलांचा आणि आजोबांचा जुना दाखला आत्ताच शोधून ठेवा. गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमधला उताराही मिळतो, पण त्यासाठी गावी खेटे घालावे लागतात, मे महिन्यात जाल तेव्हा उरकून घ्या.

आणि सगळ्यात आधी पालिकेचा जन्मदाखला काढून बघा. आमच्या दाखल्यावर मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच होतं, आधारवर मध्ये माझं नाव, आणि स्पेलिंगही वेगळं. फॉर्म भरायच्या ऐन वेळी ते निस्तरताना नाकी नऊ आले. जन्मदाखला, आधार आणि अर्ज, तिन्हीकडे नाव अक्षर न् अक्षर एक असू द्या, आणि हे वय तेरा असतानाच करून टाका.